सुरीच्या मुठीचे घासकाम आणि झिलई: देखणेपणा आणि पकड एकत्र साधताना

मुठीचे साहित्य कोणतेही असो, ते घासताना कुठे थांबायचे हा त्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. पृष्ठभाग जितका गुळगुळीत होतो तितके साहित्याचे रंग आणि रेषा उठून दिसतात, पण तोच गुळगुळीतपणा ओल्या किंवा तेलकट हातात मूठ निसटायला कारण ठरतो. त्यामुळे चकाकी हवी की पकड, यांपैकी एकच काहीतरी निवडावे लागते, असा समज पुष्कळांचा असतो. माझ्या मते ही निवड करण्याची वेळ फारच थोड्या सुऱ्यांवर येते. पकडीचा मोठा वाटा मुठीच्या आकाराचा असतो. उरलेली पकड त्या साहित्याला मानवेल अशा पॉलिश पेपरच्या नंबरवर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) घासकाम थांबवून आणि बोटे जिथे दाब देतात तेवढ्याच जागी खरबरीतपणा ठेवून मिळते. आकार नीट साधलेला असेल, तर बाजू आरशासारख्या चमकवूनही सुरी हातात पक्की बसते.

घासण्याआधी आकार तपासावा

आडवा छेद घेतला तर मूठ गोल नव्हे, तर लंबगोल दिसायला हवी. गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहता कळत नाही. लंबगोल मुठीत मात्र पात्याची दिशा तळहाताला आपोआप समजते. मुठीचा मधला भाग किंचित फुगीर असावा, पुढच्या बाजूला तर्जनी अडेल असा उतार किंवा खाच असावी आणि मागचे टोक खालच्या अंगाला थोडे रुंद किंवा वळलेले असावे, म्हणजे सुरी ओढून कापताना हात मागे सरकत नाही, आणि टोक रुतवताना तो पुढे पात्यावर जात नाही.

पात्यावर जाड कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावावी, मूठ ओलसर हाताने घट्ट धरावी आणि डोळे मिटून कापण्याची हालचाल बराच वेळ करून पाहावी. हात कुठे टोचतो, कुठे पोकळी राहते आणि करंगळी कुठे सुटते हे अशा वेळी स्पष्ट जाणवते. टोचणाऱ्या जागा बहुधा कडांच्याच असतात. मुठीची प्रत्येक कड मोडलेली असावी, आणि पाठीकडच्या (वरच्या) व पोटाकडच्या (धारेच्या बाजूच्या) कडा तर चांगल्या गोलसर कराव्यात, कारण दीर्घ कामात फोड येतात ते याच कडांमुळे. ही दुरुस्ती कानशीने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने करावी. बारीक पेपरने आकार सुधारण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. त्यात वेळ जातो, आणि पृष्ठभागावर उंचसखल लाटा मात्र तयार होतात.

मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या चिकटवण्यापूर्वीच करायला हवे असे एक काम अनेकांकडून राहून जाते. पट्ट्यांची पात्याकडची तोंडे आधीच अंतिम नंबरपर्यंत घासून, झिलई देऊन ठेवावीत. दोन्ही पट्ट्या तात्पुरत्या पिनांनी एकत्र जोडून ही तोंडे एकाच वेळी घासली, तर ती तंतोतंत जुळतात. एकदा पट्ट्या टँगवर (पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर) चिकटल्या की त्या जागी पेपर नेला, तर पात्यावर ओरखडे उमटल्याशिवाय राहत नाहीत. कसबी हाताची सुरी ओळखायची असेल, तर मी सर्वांत आधी हीच तोंडे पाहतो.

पॉलिश पेपरचे टप्पे

पेपरच्या नंबरांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. नंबराच्या आधी ‘पी’ अक्षर असलेला पेपर युरोपीय मापाचा असतो, आणि ते अक्षर नसलेला पेपर बहुधा अमेरिकी मापाचा असतो. खरखरीत नंबरांमध्ये या दोन मापांत फारसा फरक नाही, पण बारीक नंबरांमध्ये तो वाढत जातो: पी ६०० पेपरचा दाणा सरासरी २६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, तर अमेरिकी ६०० नंबरचा दाणा सुमारे १६ मायक्रॉनचा असतो. दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाली, तर पुढच्या टप्प्याचा पेपर आधीच्यापेक्षा जाड निघू शकतो आणि नवे ओरखडे कुठून आले हे लक्षात येत नाही. म्हणून एका कामासाठी एकाच मापाचे पेपर वापरावेत. पुढे दिलेले सर्व नंबर पी मापाचे आहेत.

साधारण क्रम ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४०० असा असतो, आणि साहित्याप्रमाणे तो पुढे ६००, ८००, १००० किंवा २००० पर्यंत नेता येतो. प्रत्येक टप्प्याचे काम एकच असते: आधीच्या पेपरचे सगळे ओरखडे घालवणे. ८० नंबरचा एक खोल ओरखडा १२० ला राहून गेला, तर तो ४०० ने जाणार नाही. उलट भोवतालचा भाग चमकू लागल्यावर तो अधिकच ठळक दिसेल. हे टाळण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी. १२० ने तिरपे घासले असेल, तर १८० ने उलट्या बाजूने तिरपे घासावे. जुन्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी झाली की तो टप्पा पूर्ण झाला असे समजावे. शेवटचे एक-दोन टप्पे मात्र मुठीच्या लांबीच्या दिशेने, लाकूड असेल तर रेषांच्या दिशेनेच करावेत. ओरखडे पाहण्यासाठी डोक्यावरचा दिवा उपयोगी पडत नाही. खोलीतला उजेड कमी करून एक छोटा दिवा मुठीच्या जवळजवळ समपातळीत, एका बाजूला ठेवावा; तिरप्या उजेडात प्रत्येक रेघ आपली सावली टाकते आणि लपून राहत नाही. रिव्हेटभोवती आणि मुठीच्या मागच्या टोकाला हे विशेष काळजीने पाहावे, कारण ओरखडे बहुधा तिथेच राहून जातात.

पेपर बोटांवर धरून घासला, तर मऊ भाग लवकर झिजतो आणि कठीण भाग वर उरतो. मुठीत पितळी किंवा पोलादी पिना असतील, तर त्या लाकडापेक्षा किंचित उंच राहतात आणि हाताला खड्यासारख्या जाणवतात. यासाठी सपाट भागांवर पेपरखाली कठीण आधार घ्यावा; पोलादी पट्टी, लाकडाचा ठोकळा किंवा जाड चामड्याचा तुकडा चालतो. गोलसर भागांसाठी कापडी पाठ असलेल्या पेपरची अरुंद पट्टी कापावी, मूठ व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) चामड्याचे तुकडे लावून धरावी, आणि पट्टीची दोन्ही टोके धरून ती मुठीवरून आळीपाळीने मागेपुढे ओढावी. त्याने वळणे एकसारखी होतात.

धातूच्या पिनांमुळे आणखी दोन अडचणी येतात. यंत्रावर घासताना पिना झपाट्याने तापतात. ती उष्णता भोवतालचे लाकूड करपवते आणि आतल्या इपॉक्सीची (पट्ट्या चिकटवणाऱ्या गोंदाची) पकड सैल करते. पिन बोटाला गरम लागली की लगेच थांबावे. दुसरी अडचण भुकटीची. पितळेची आणि पोलादाची काळसर भुकटी फिकट लाकडाच्या छिद्रांत बसते आणि डाग पाडते. अक्रोड किंवा ओक यांसारख्या टॅनिनयुक्त (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडात लोखंडाचे कण ओलाव्याशी संयोग पावून निळसर काळे ठिपके उमटवतात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यानंतर मूठ ब्रशने आणि हवेने साफ करावी, फडक्याने चोळू नये.

लाकूड

लाकडाच्या बाबतीत ३२० नंबरनंतर एक पायरी जरूर घ्यावी. ओल्या फडक्याने मूठ पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. लाकडाचे दबलेले तंतू पाण्याने फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग पुन्हा खरबरीत लागतो. मग ४०० नंबरने हलक्या हाताने फक्त ते उभे तंतू कापावेत. हे दोनदा केले, तर पुढे वापरात मूठ ओली झाल्यावर तिचा पोत बिघडत नाही. ही पायरी गाळली, तर पहिल्याच धुण्यात मूठ लव आल्यासारखी होते.

छिद्रे मोठी असलेल्या लाकडाला ४०० पुरेसा असतो. दाट, बारीक रेषांचे लाकूड ६०० ते ८०० पर्यंत नेण्यात अर्थ आहे, कारण तिथे रेषांची खोली खरोखर उलगडते. त्यापुढे जाऊन तेल लावले, तर लाकूड तेल कमी पिते आणि चकाकीतही फारसा फरक पडत नाही.

तेलांमध्ये अळशीचे तेल आणि टंग तेल ही दोन मला सर्वांत विश्वासाची वाटतात, कारण ती हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून लाकडातच घट्ट होतात. खाण्याची बहुतेक इतर तेले तशी घट्ट होत नाहीत. ती चिकट राहतात आणि काही काळाने खवट वास देतात. कच्चे अळशीचे तेल वाळायला फार वेळ घेते, म्हणून वाळवण द्रव्ये मिसळलेले, उकळलेले अळशीचे तेल या नावाने मिळणारे तेल कामाला सोयीचे पडते. पहिला हात सढळ लावावा, पंधरा-वीस मिनिटे लाकडाला पिऊ द्यावे आणि वर राहिलेले सगळे तेल पुसून काढावे. न पुसलेले तेल पृष्ठभागावर चिकट थर होऊन बसते, आणि तो थर पकडही बिघडवतो. दुसरा हात लावताना तेल ओले असतानाच ६०० नंबरने घासले, तर लाकडाची बारीक भुकटी आणि तेल यांचा लेप छिद्रांत भरतो आणि वाळल्यावर पृष्ठभाग एकसंध दिसतो. प्रत्येक हातानंतर किमान एक दिवस थांबावे. असे चार-पाच हात दिल्यावर जी झिलई येते ती मंद असते, लाकूड लाकडासारखेच हाताला लागते आणि ओल्या हातातही धरता येते.

इथे एक इशारा गांभीर्याने घ्यावा. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली, तर तेल घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आत साठते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

शिसव आणि त्याच्या वंशातली इतर लाकडे मुळातच तेलकट असतात, आणि त्यांतले नैसर्गिक घटक वाळणाऱ्या तेलाला घट्ट होऊ देत नाहीत. अशी मूठ चिकटवण्यापूर्वी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावी, आणि झिलईसाठी तेलाच्या नादी न लागता ती ८०० ते १००० पर्यंत घासून कापडी चाकावर बफ मारावी, म्हणजे फिरत्या चाकावर पॉलिश लावून चमकवावी, व शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. मधमाश्यांच्या मेणात थोडे कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कठीण मेण) मिसळले तर थर कठीण होतो. निव्वळ मधमाश्यांचे मेण उबदार हातात मऊ पडते.

वार्निश किंवा सुपर ग्लूचे थर देऊन आणलेली काचेसारखी चमक छायाचित्रात सुंदर दिसते. कामाच्या सुरीसाठी मी तिची शिफारस करणार नाही. हा थर लाकडाच्या वर बसलेला असतो. सुरी एकदा खाली पडली की तो तडकतो, त्या फटीतून पाणी आत जाते आणि दुरुस्तीसाठी सगळा थर उतरवावा लागतो. निर्वात पात्रात रेझिन (घट्ट होणारी कृत्रिम राळ) मुरवून पक्के केलेले लाकूड ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या छिद्रांत आधीच रेझिन भरलेले असते, त्यामुळे तेल आत जात नाही आणि लावण्याची गरजही नसते. ते १००० किंवा त्यापुढे घासून बफ मारले की चमक साहित्यातूनच येते आणि झिजली तरी पुन्हा काढता येते.

मायकार्टा आणि जी-१०

मायकार्टा म्हणजे कापड किंवा कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेला ठोकळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विद्युतरोधक म्हणून बनवला गेला, पण मुठीसाठी त्याच्याइतके समजूतदार साहित्य क्वचितच सापडते. जाड कॅनव्हासच्या मायकार्टात कापडाचे धागे पृष्ठभागावर उघडे राहतात, आणि हात ओला झाला की ते पकड कमी न करता उलट वाढवतात. हा गुण टिकवायचा असेल, तर कॅनव्हास मायकार्टाला बफ कधीही मारू नये. आकार आणि ओरखडे ४०० पर्यंत नीट काढावेत, आणि मग एक पाऊल मागे येऊन १८० किंवा २४० च्या ताज्या पेपरने, दाब न देता, एकाच दिशेने सगळी मूठ घासून घ्यावी. यामुळे खोल ओरखडे नसलेला, पण धागे जागे असलेला पृष्ठभाग मिळतो. वाळूच्या किंवा काचेच्या मण्यांच्या फवाऱ्याची सोय असेल, तर त्याहून एकसारखा पोत येतो.

कोरडा मायकार्टा राखट आणि निस्तेज दिसतो. खनिज तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुसले की रंग गडद होतो आणि थरांच्या रेषा दिसू लागतात. लिनन मायकार्टा बारीक विणीचा असल्याने ६०० ते ८०० पर्यंत नेता येतो. कागदी मायकार्टा आरशासारखा चमकतो, पण ओला झाल्यावर निसरडा होतो. तो वापरायचा असेल तर आकारावरच भिस्त ठेवावी लागते.

जी-१० हे काचतंतू आणि इपॉक्सीचे थर दाबून तयार केलेले, पाणी जवळजवळ न पिणारे, अतिशय कणखर साहित्य आहे. ४०० नंबरवर ते मंद, किंचित रेशमी लागते आणि दोन रंगांचे थर असतील, तर वळणांवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी असेल, तर आकार देतानाच दोन्ही बाजू वारंवार ताडून पाहाव्या लागतात. घासून ती मागाहून दुरुस्त होत नाही. पकडीसाठी जी-१० वर फवारा किंवा कानशीच्या खाचा हाच खरा उपाय आहे.

या दोन्ही साहित्यांची भुकटी फुप्फुसांना घातक आहे, आणि काचतंतूंचे कण त्वचेतही खाज उठवतात. साधे फडके नाकाला बांधून भागत नाही. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घालावा, आणि शक्य असेल तिथे पेपर ओला ठेवून घासावे, म्हणजे भुकटी उडण्याऐवजी पाण्यात बसते. हाड, शिंग आणि शिसवासारखी लाकडे घासतानाही हीच दक्षता घ्यावी. काही लाकडांच्या भुकटीची अ‍ॅलर्जी हळूहळू वाढत जाते आणि एकदा जडली की जात नाही.

शिंग, हाड आणि सांबरशिंग

शिंगाला उष्णता सोसत नाही. यंत्रावर ते तापले की जळक्या केसांचा वास येतो, आणि तो येईपर्यंत उशीर झालेला असतो, कारण तापलेले शिंग वाकते आणि पट्टी टँगपासून सुटू पाहते. म्हणून यंत्र फक्त ढोबळ आकारापुरते वापरावे आणि पुढचे सगळे काम हाताने, ओल्या पेपरने करावे. शिंग १००० ते २००० पर्यंत नेल्यावर बफने जी खोल, पारदर्शक चमक देते तिला तोड नाही, आणि अशी चमक असूनही ते लाकडासारखे उबदार लागते. हाड सच्छिद्र असते; ४०० नंतर पातळ सुपर ग्लू मुरवून छिद्रे बंद करावीत, वरचा थर घासून काढावा आणि मग पुढे जावे, नाहीतर हाताचा मळ आत बसून ते पिवळसर डागाळते. सांबरशिंगाची खडबडीत साल ही त्याची नैसर्गिक पकडच असल्याने ती घासू नये. फक्त उंचवटे ६०० ने हलके उजळावेत आणि टोकांचा स्पंजासारखा गर पातळ गोंदाने पक्का करावा. हरणांच्या शिंगांच्या व्यापारावर काही देशांत बंदी आहे, तेव्हा साहित्य घेण्यापूर्वी नियम पाहून घ्यावेत.

पोत कुठे असावा

बोटे मुठीला सर्वत्र सारखी दाबत नाहीत. जोर पडतो तो पोटाकडच्या बाजूला, जिथे चार बोटांची पेरे वळतात, आणि पाठीवर, जिथे अंगठा टेकतो. खाचा किंवा चौकटीची नक्षी तेवढ्याच पट्ट्यांत ठेवली, तर दोन्ही बाजूंचे रुंद भाग झिलईसाठी मोकळे राहतात आणि मूठ देखणीही दिसते. गोल कानशीने एकसारख्या अंतरावर आडव्या खाचा पाडणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. आधी कागदाची पट्टी मुठीवर चिकटवून त्यावर पेन्सिलीने समान अंतरे आखावीत, कानशीचे दोन-तीन फटके देऊन सगळ्या खाचांची जागा पक्की करावी आणि मगच त्या खोल कराव्यात. एकेक खाच पूर्ण करत गेले, तर शेवटच्या दोन खाचांमधले अंतर हमखास चुकते. खोली अर्धा ते एक मिलिमीटर पुरे. खाचांच्या कडा ४०० च्या घडी घातलेल्या पेपरने मोडाव्यात, म्हणजे पकड राहते पण हात सोलत नाही.

स्वयंपाकाच्या सुरीवर मात्र खोल नक्षी करू नये. खाचांत अन्नाचे कण आणि चरबी अडकते, आणि ती धुऊन पूर्ण निघत नाही. तिथे चांगला आकार आणि ४०० ची मंद झिलई हेच योग्य.

बफ मारताना

सुरीच्या कामात मला सर्वांत धोकादायक वाटणारे यंत्र म्हणजे बफचे चाक. ते पात्याची कड किंवा टोक पकडते आणि सुरी क्षणात भिरकावते. पाते पूर्ण गुंडाळलेले असावे, मूठ चाकाच्या मध्यापेक्षा खालच्या भागावर धरावी, आणि कड चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला कधीही येऊ देऊ नये. चाकाच्या समोर सरळ रेषेत उभे राहू नये. खाचा असलेल्या भागावर बफ मारूच नये. पॉलिशची कांडी त्यात भरून बसते, आणि गडद मुठीवर ते पांढरे ठिपके काढताना फार वेळ जातो.

तेल दिलेली मूठ वरून कोरडी लागली, तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर ती पाण्यात बुडू देऊ नये आणि म्यानात बंद करून ठेवू नये. पुढे लाकूड फिके दिसू लागले किंवा पाण्याचे थेंब त्यावर न थांबता जिरू लागले, की ६०० ने हलके फिरवून तेलाचा एक पातळ हात द्यावा. लाकडी, शिंगाची किंवा हाडाची मूठ असलेली सुरी भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये. उष्ण पाणी आणि वाफ पट्ट्या वाकवतात आणि पिनांभोवती फटी पाडतात. हाताने धुऊन लगेच पुसावी.